लेबलावरची बारीक अक्षरं

गाणं कुणाचं, असं विचारलं की आपण पटकन गायकाचं नाव सांगतो. लताबाईंचं गाणं, बाबूजींचं गाणं, अभिषेकीबुवांचं पद. कवी आणि संगीतकार आठवायला क्षणभर थांबावं लागतं, आणि ज्याने वाद्यमेळ बसवला त्याचं नाव तर बहुतेकांच्या कानावरही आलेलं नसतं. रेकॉर्डच्या लेबलावर एक नाव मोठ्या अक्षरांत असतं, दुसरं बारीक अक्षरांत, आणि तिसरं छापलेलंच नसतं. या बारीक अक्षरांविषयी बरेच दिवस लिहायचं मनात होतं. निमित्त मात्र एका अमेरिकन गाण्याचं आहे. केनी रॉजर्स आणि डॉली पार्टन यांनी १९८३ साली गायलेलं 'आयलंड्स इन द स्ट्रीम'.

गोव्यातल्या वाचकाला केनी रॉजर्स हे नाव अगदीच परकं नसावं. आमच्याकडे लग्नाच्या रिसेप्शनला बँड असला की जिम रीव्हज आणि केनी रॉजर्स यांची गाणी व्हायचीच, अजूनही होतात. शेजारच्या घरातून ती ऐकू यायची. पण मराठी वाचणाऱ्या, नाटकं आणि भजनं ऐकणाऱ्या घरांत या गाण्यांना एक चिठ्ठी चिकटवलेली असे : 'हे त्यांचं संगीत.' नाट्यगीत आपलं, कंट्री त्यांचं. चिठ्ठी एकदा चिकटली की आतला माल कुणी बघत नाही. गंमत अशी की या गाण्याच्या बाबतीत खुद्द अमेरिकेतही हेच झालं, आणि त्यातूनच त्याचं नशीब उघडलं.

कंट्री म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या खेड्यापाड्यांतून आलेलं गाणं. गिटार, फिडल, बँजो यांच्या साथीने शेत, दारू, रेल्वे, आई, फसलेलं लग्न अशा विषयांवर साध्या शब्दांत गोष्ट सांगायची. टेनेसी राज्यातलं नॅशव्हिल हे या संगीताचं माहेर आणि बाजारपेठही. १९७० च्या दशकात या गाण्याला गुळगुळीत पॉपचा हात फिरवून शहरी श्रोत्याला विकायचा प्रयोग जोरात सुरू झाला. त्याला कंट्री-पॉप म्हणतात. जुन्या लोकांना हे रुचलं नाही. १९७४ मध्ये नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक असोसिएशनने ऑस्ट्रेलियात वाढलेल्या ऑलिव्हिया न्यूटन-जॉनला सर्वोत्तम गायिका ठरवलं, तेव्हा नाराज कलावंतांनी वेगळी संघटनाच काढली. पुढच्या वर्षी सोहळ्याच्या मंचावर विजेत्याचं नाव वाचायला आलेल्या चार्ली रिचने जॉन डेन्व्हरच्या नावाची चिठ्ठी लायटरने पेटवून दिली. असं करण्यामागचा त्याचा हेतू काय होता यावर वाद आहेत, पण लोकांनी त्याचा अर्थ एकच घेतला : हा आपला नव्हे.

आता दुसरा धागा. बी जीज म्हणजे बॅरी, रॉबिन आणि मॉरिस गिब हे तीन भाऊ. जन्म आइल ऑफ मॅन बेटावर, बालपण मँचेस्टरला, आणि १९५८ पासून काही वर्षं ऑस्ट्रेलियात. १९७७ च्या 'सॅटर्डे नाइट फीव्हर' या चित्रपटाने त्यांना शिखरावर नेलं. त्या चित्रपटाचा अल्बम १९७८ मध्ये अमेरिकेत सलग २४ आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. १९७७ ते १९७९ या काळात त्यांची लागोपाठ सहा गाणी अमेरिकेत अव्वल ठरली. रेडिओ लावावा तर तेच, दुकानात जावं तर तेच.

आणि मग लोकांना वीट आला. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कॉमिस्की पार्क या बेसबॉल मैदानावर स्टीव्ह डाल नावाच्या रेडिओ निवेदकाने 'डिस्को डिमॉलिशन नाइट' भरवली. डिस्कोची एक रेकॉर्ड घेऊन या आणि ९८ सेंटमध्ये आत शिरा. त्या दिवशी दोन सामने होते. पहिला संपल्यावर जमवलेल्या रेकॉर्डींचा ढीग मैदानात स्फोटकांनी उडवला गेला, हजारो लोक मैदानात घुसले, आणि दुसरा सामना यजमान संघाला सोडून द्यावा लागला. या रागामागे नुसता कंटाळाच नव्हता. डिस्को हे कृष्णवर्णीयांचं, लॅटिनोंचं, समलिंगी लोकांचं संगीत होतं, तो द्वेषही त्यात मिसळलेला होता, असं पुढे अनेक अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. बी जीज यांपैकी काहीच नव्हते, पण डिस्कोचा चेहरा तेच होते. रेडिओ केंद्रांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. १९८१ चा त्यांचा 'लिव्हिंग आइज' हा अल्बम अमेरिकेत पडला.

अशा वेळी माणूस काय करतो? गिब बंधूंनी दुसऱ्यांसाठी लिहायला सुरुवात केली. १९८० मध्ये बार्ब्रा स्ट्रायसँडसाठी बॅरी आणि रॉबिनने लिहिलेलं 'वूमन इन लव्ह' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. १९८२ मध्ये डिऑन वॉरविकला त्यांनी 'हार्टब्रेकर' दिलं. ज्या रेडिओला बी जीजचा आवाज नको होता त्याच रेडिओवर त्यांचं गाणं दुसऱ्याच्या गळ्यातून वाजत होतं. लेबल नीट वाचणाऱ्यालाच ते कळायचं, आणि लेबल वाचतो कोण?

मी सरकारी कचेरीत कारकून आहे, त्यामुळे हा प्रकार मला चांगलाच ओळखीचा वाटतो. फाईलवर नोट आम्ही लिहितो, पत्राचा मसुदा आम्ही करतो, सही साहेबांची होते. पत्र चांगलं झालं तर साहेबांचं इंग्रजी छान. यात तक्रार करण्यासारखं काही नाही, नोकरीच तशी आहे. पण एखादं पत्र केवळ साहेबांच्या सहीमुळे मान्य होतं, तेच आमच्या नावाने गेलं असतं तर पहिल्याच टेबलावर अडकलं असतं, हे आम्हाला पक्कं माहीत असतं.

केनी रॉजर्स हा त्या काळचा असाच वजनदार सहीचा माणूस. १९३८ मध्ये टेक्सासच्या ह्यूस्टन शहरात गरिबीत जन्मलेला. जॅझ, लोकगीत, रॉक असं सगळं करून झाल्यावर १९७७ च्या 'लूसील'ने तो कंट्रीत स्थिरावला, १९७८ च्या 'द गॅम्बलर'ने घराघरात पोचला. १९८० मध्ये त्याने लायनेल रिचीचं 'लेडी' गायलं आणि ते अमेरिकेत सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. म्हणजे बाहेरच्या माणसाचं गाणं कंट्रीच्या नावावर चालवायची सवय त्याला होतीच. द्वंद्वगीतांचीही होती. डॉटी वेस्टबरोबर, किम कार्न्सबरोबर, शीना ईस्टनबरोबर त्याची गाणी गाजली होती. १९८३ मध्ये सुमारे दोन कोटी डॉलरचा करार करून तो आरसीए या कंपनीत आला. पहिल्या अल्बमसाठी त्याने निर्माता निवडला बॅरी गिब. अल्बमचं नाव 'आइज दॅट सी इन द डार्क'.

'आयलंड्स इन द स्ट्रीम' हे शीर्षक हेमिंग्वेच्या मृत्यूनंतर १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कादंबरीचं. भावांनी गाणं लिहिलं ते रिदम अँड ब्लूजच्या, म्हणजे कृष्णवर्णीय गायकांच्या धाटणीत. कंट्रीचा त्यात मागमूस नव्हता. लॉस एंजेलिसला रेकॉर्डिंग सुरू झालं आणि गाडी अडली. केनीने पुढे अनेक मुलाखतींत सांगितल्याप्रमाणे, चार दिवस तो ते एकट्याने गात होता आणि शेवटी त्याला गाणंच आवडेनासं झालं. त्याने बॅरीला तसं सांगितलं. बॅरी म्हणाला, आपल्याला डॉली पार्टन हवी. योगायोग असा की केनीच्या व्यवस्थापकाने डॉलीला त्याच इमारतीत पाहिलं होतं. ती आली, गायली, आणि गाणं उभं राहिलं. डॉलीही आरसीएचीच कलावंत, त्यामुळे परवानगीचा घोळ नव्हता. कंपन्या वेगळ्या असत्या तर कागद फिरेपर्यंत उत्साह मावळला असता, हे मी अनुभवाने सांगतो.

डॉलीने काय केलं ते गाणं ऐकताना कळतं. केनीचा आवाज खरखरीत, जरा दमलेला, बोलल्यासारखा. पहिलं कडवं तो सरळ, सपाट म्हणतो. मग पट्टी बदलते आणि डॉलीचा बारीक, थरथरता, डोंगराळ टेनेसीतला आवाज आत येतो. खोलीत कुणीतरी खिडकी उघडावी तसं वाटतं. त्यानंतर दोघं एकत्र येतात, पण एकमेकांत विरघळत नाहीत. आपल्याकडे ड्युएटला द्वंद्वगीत म्हणतात. द्वंद्व म्हणजे जोडी, आणि द्वंद्व म्हणजे झुंजही. मला हा शब्द युगुलगीतापेक्षा जास्त आवडतो. आपल्या तियात्रातल्या कांतारांतली ड्युएटं ऐका, त्यांतही हीच गंमत असते. दोन आवाज एकमेकांना उत्तर देतात, म्हणून ऐकावंसं वाटतं. चार दिवस केनीला जे सापडत नव्हतं ते हे उत्तर होतं.

गाणं ऑगस्ट १९८३ मध्ये बाजारात आलं. ते वर्ष कसं होतं हे ध्यानात घ्यायला हवं. मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'चं ते वर्ष, एमटीव्हीचं वर्ष, सिंथेसायझर वाजवणाऱ्या ब्रिटिश पोरांचं वर्ष. त्यात पंचेचाळीस वर्षांचा पांढऱ्या दाढीचा गायक आणि सदतीस वर्षांची गायिका. तरीही २९ ऑक्टोबरच्या बिलबोर्ड हॉट हंड्रेडमध्ये गाणं पहिल्या क्रमांकावर पोचलं आणि दोन आठवडे तिथे राहिलं. त्याच्या आधी अव्वल होतं बॉनी टायलरचं 'टोटल एक्लिप्स ऑफ द हार्ट', आणि त्याला खाली खेचलं लायनेल रिचीच्या 'ऑल नाइट लाँग'ने. म्हणजे ज्याने केनीला 'लेडी' दिलं त्यानेच त्याला उतरवलं! कंट्रीच्या यादीत गाणं पहिलं आलं, अ‍ॅडल्ट कंटेम्पररी म्हणजे प्रौढ श्रोत्यांच्या यादीतही पहिलं. ऑस्ट्रेलियात पहिलं, ब्रिटनमध्ये सातवं. अमेरिकेत त्याला प्लॅटिनम मिळालं. त्या काळी एकेरी रेकॉर्डला प्लॅटिनम म्हणजे २० लाख प्रती, दहा लाख नव्हे. हा निकष १९८९ मध्ये खाली आणला गेला. म्हणून जुन्या आणि नव्या प्लॅटिनमची तुलना करताना जरा जपून.

क्रमांकांबद्दलही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९८३ मध्ये हॉट हंड्रेड संगणकावर मोजलेल्या विक्रीवरून ठरत नसे. ठरावीक दुकानं आपल्याकडे काय जास्त खपतंय त्याची क्रमवारी कळवायची, रेडिओ केंद्रं आपण काय वाजवतोय ते कळवायची, आणि त्यावरून यादी बनायची. बारकोड वाचून प्रत्यक्ष विक्री मोजण्याची पद्धत हॉट हंड्रेडमध्ये १९९१ च्या नोव्हेंबरमध्ये आली. म्हणजे खालून आलेली आकडेवारी, तिच्यावर वरची आकडेवारी. अशा विवरणपत्रांवर आयुष्य काढल्यामुळे मला ठाऊक आहे की त्यांत अंदाज असतो, ओढा असतो, कधी कुणाच्या आग्रहाचा दाबही असतो. मात्र तीन वेगवेगळ्या याद्या, तीन वेगवेगळे श्रोते, आणि तिन्हींकडे पहिला क्रमांक. एवढी एकवाक्यता केवळ आग्रहाने येत नाही.

पण मग प्रश्न उरतोच. जे लोक परक्या गायिकेच्या पुरस्कारावरून संघटना काढतात, त्यांनी हे गाणं कसं चालवून घेतलं? लिहिणारे बेटावर जन्मलेले, ऑस्ट्रेलियात वाढलेले, त्यातून डिस्कोवाले. चाल रिदम अँड ब्लूजची. कंट्री काय होतं त्यात? दोन आवाज. बाकी काही नाही. आणि मजा बघा, अकॅडमी ऑफ कंट्री म्युझिकने १९८३ ची सर्वोत्तम सिंगल रेकॉर्ड म्हणून याच गाण्याला निवडलं, सर्वोत्तम द्वंद्वगायनाचा मानही याच जोडीला दिला. ही अकॅडमी मूळची कॅलिफोर्नियाची, नॅशव्हिलची नव्हे, हेही खरं. तरीही, चार वर्षांपूर्वी ज्यांच्या रेकॉर्डी उडवल्या गेल्या त्यांचं गाणं आता कंट्रीच्या देव्हाऱ्यात बसलं होतं. शुद्धतेचे पहारेकरी दारावर उभे असतात, ते चेहरे बघतात, सामान तपासत नाहीत.

त्या यशाची पुनरावृत्ती मात्र झाली नाही. अल्बम कंट्रीच्या यादीत अव्वल ठरला, पण त्यातलं पुढचं कुठलंच गाणं या उंचीच्या आसपास गेलं नाही. 'धिस वूमन' हॉट हंड्रेडमध्ये २३ व्या क्रमांकापर्यंत पोचलं, बस्स. तोच गायक, तेच भाऊ, तोच निर्माता. डॉली नव्हती. १९८६ नंतर रँडी ट्रॅव्हिससारख्या गायकांबरोबर वारं पुन्हा जुन्या वळणाच्या कंट्रीकडे फिरलं. कंट्रीच्या यादीत पहिलं आलेलं गाणं पुन्हा हॉट हंड्रेडमध्येही पहिलं यायला २००० साल उजाडावं लागलं. ते होतं लोनस्टार या गटाचं 'अमेझ्ड'.

आता पैशाची गोष्ट. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं की मानधन गीतकार-संगीतकाराला आणि प्रकाशकाला मिळतं, गायकाला नाही. तिथला कायदाच तसा आहे, आणि तो बदलण्याचे प्रयत्न आजवर यशस्वी झालेले नाहीत. म्हणजे १९८३ च्या त्या हिवाळ्यात अमेरिकेच्या कुठल्याही गावात हे गाणं लागलं की श्रोता केनी आणि डॉलीला टाळ्या देत होता, आणि पैसे जात होते गिब बंधूंच्या खात्यात. मोठ्या अक्षरांना नाव, बारीक अक्षरांना दाम. डॉलीला हे गणित कुणी शिकवायची गरज नव्हती. १९७४ मध्ये स्वतः लिहिलेलं 'आय विल ऑलवेज लव्ह यू' एल्व्हिस प्रेस्ली गाणार होता, पण त्याच्या व्यवस्थापकाने प्रकाशन हक्कांतला अर्धा वाटा मागितला. बारा भावंडांच्या गरीब घरातून आलेल्या या बाईने एल्व्हिसला नाही म्हटलं. १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टनने तेच गाणं गायलं आणि ते १४ आठवडे अव्वल राहिलं, तेव्हा त्या नकाराची किंमत जगाला कळली.

हे वाचत असताना मला आपली माणसं आठवत राहिली. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांत नोटेशन शिकून मुंबईला गेलेले गोंयकार वादक. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात त्यांचं नाव आलं ते शिष्याने केलेलं वंदन होतं. सेबास्तियन डिसोझा, ज्यांनी शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांचे वाद्यमेळ बसवले. आपण ज्या हिंदी द्वंद्वगीतांना 'आपली' म्हणून छातीशी धरतो, त्यांतल्या कितीतरी गाण्यांमधले व्हायोलिनचे आणि ट्रंपेटचे तुकडे या लोकांच्या हातचे. पण त्यांची नावं लेबलावर बारीक अक्षरांतही नव्हती. पैसे मिळायचे ते रेकॉर्डिंगच्या दिवसाचे, हजेरीवर. गाणं पुढे पन्नास वर्षं वाजलं तरी त्यांच्या घरी त्यातला एक आणा गेला नाही.

गिब बंधू आणि आपले वादक यांच्यात फरक आहे तो इथे. भावांनी नाव झाकलं, हक्क सोडला नाही. आपल्या माणसांकडे झाकायला नाव नव्हतं आणि धरून ठेवायला हक्क नव्हता. आणि आम्ही मराठी वाचणारे लोक 'हे आपलं संगीत, ते त्यांचं' अशा चिठ्ठ्या चिकटवत बसलो तेव्हा 'आपल्या' गाण्यांत 'त्यांचे' किती हात आहेत हे बघितलंच नाही.

गाण्याचं पुढचं आयुष्य थोडक्यात सांगतो. १९९८ मध्ये प्रासने याच गाण्याचं धृपद घेऊन 'घेटो सुपरस्टार' हे रॅप गाणं केलं. म्हणजे कृष्णवर्णीय धाटणीत जन्मलेली चाल कंट्रीत नांदून पंधरा वर्षांनी माहेरी परतली. २००१ च्या संग्रहात बी जीजनी ते स्वतःच्या आवाजात दिलं. २००५ मध्ये सीएमटी या अमेरिकन वाहिनीने कंट्रीतलं सर्वश्रेष्ठ द्वंद्वगीत म्हणून यालाच पहिलं स्थान दिलं. २००९ मध्ये ब्रिटनमध्ये एका धर्मादाय उपक्रमासाठी विनोदी नटांनी ते गायलं, सोबत टॉम जोन्स आणि खुद्द रॉबिन गिब होते, आणि १९८३ मध्ये सातवं राहिलेलं गाणं तिथे पहिलं आलं. मॉरिस २००३ मध्ये गेला, रॉबिन २०१२ मध्ये. केनी आणि डॉली ऑक्टोबर २०१७ मध्ये नॅशव्हिलच्या मंचावर शेवटचे एकत्र गायले. २० मार्च २०२० रोजी केनी गेला. २०२१ च्या जानेवारीत उरलेल्या एकट्या बॅरीने आपली जुनी गाणी कंट्री कलावंतांबरोबर पुन्हा गाऊन 'ग्रीनफील्ड्स' नावाचा अल्बम काढला. रेकॉर्डिंग नॅशव्हिलला, आणि त्यात डॉलीही आहे. या वेळी बॅरीचं नाव मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत आहे.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी एखादं आवडतं गाणं लागलं तर गायकाच्या नावाशी थांबू नका. कुणी लिहिलं, कुणी चाल दिली, कुणी वाजवलं, तेवढं शोधून बघा. गोव्यात राहून हा शोध घ्याल तर दर दोन-चार गाण्यांमागे एखाद्या ओळखीच्या गावाचं नाव निघेल, आणि ते बहुधा कुठेच छापलेलं नसेल.